बोर्दो की रोन? द्राक्षबागायतदार कुटुंबाची फ्रान्समधली नदीसहल

प्रश्न: बाबांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. त्यांना आणि आईला घेऊन मी व नवरा फ्रान्सच्या वाईनच्या मुलखात आठवडाभराची रिव्हर क्रूझ करायचं म्हणतोय. बोर्दो घ्यावं की बर्गंडी-रोन, ते ठरत नाहीये. आई शाकाहारी आहे, वाईन घेत नाही आणि तिचे गुडघे दुखतात. कधी जावं, केबिन कुठली घ्यावी, आणि एवढा खर्च करून पदरात काय पडेल?

उत्तर:

तुम्हा चौघांसाठी सोन आणि रोन या नद्या. शालों किंवा ल्योंहून निघून दक्षिणेला आव्हिन्यों किंवा आर्लपर्यंत, सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. मी ल्योंमध्ये राहते. जहाजांवरून उतरणाऱ्या पाहुण्यांना इथल्या बागा आणि वाईनची तळघरं दाखवणं हे माझं काम आहे, आणि भारतातून येणाऱ्या कुटुंबांच्या सहलीही आखून देते. म्हणून उत्तर ठामपणे देतेय. तरी कारणं नीट वाचा, कारण तुमच्या गरजा थोड्या बदलल्या तर उत्तरही बदलेल.

सगळ्यात आधी जाहिरातीतलं चित्र बाजूला ठेवा. वरच्या डेकवर खुर्ची, हातात ग्लास आणि दोन्ही काठांवर द्राक्षबागा, असं दृश्य फ्रान्समध्ये फार थोड्या ठिकाणी खरं असतं. बर्गंडीच्या नामांकित बागा सोन नदीच्या काठावर नाहीतच. त्या पश्चिमेच्या डोंगरउतारावर आहेत आणि जहाज लागतं त्या शालोंहून बोन गाव साधारण तीस किलोमीटर आहे, म्हणजे बसने अर्धा-पाऊण तास. बोर्दोत मेदोकच्या काही बागा जिरोंद खाडीतून लांबवर दिसतात, पण खाडीचं पात्र इतकं रुंद आहे की त्या पाहिल्याचं समाधान मिळत नाही. जहाजावरून बागा खऱ्या अर्थाने अंगावर येतात त्या उत्तर रोनमध्ये, व्हिएनच्या खाली आणि पुढे तँ गावापाशी. म्हणून कंपनीची निवड करताना जहाजावरचा जिम किंवा झुंबरं बघू नका. कोणत्या गावी किती वाजता जहाज लागतं, किती वाजता सुटतं आणि कुठला टप्पा दिवसा पार होतो, एवढं वेळापत्रक मागून घ्या. दोन जहाजांचा नकाशा अगदी सारखा असतो आणि तरीही एक तँला सकाळी नऊला लागून संध्याकाळी सुटतं, तर दुसरं तिथे फक्त दोन तास टेकतं. पैसे तेवढेच, सहल मात्र निम्मी.

आता बोर्दो का नाही ते सांगते, कारण तुमच्या बाबांसाठी बोर्दोची ओढ मला समजते. ज्या बोर्डो मिश्रणाची फवारणी त्यांनी आयुष्यभर केली असेल, ते त्याच मुलखातलं आहे. मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी मारायची पद्धत होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. १८८२ मध्ये बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या लक्षात आलं की त्या निळसर वेलींवर डाऊनी हा बुरशीजन्य रोग आलेला नाही, आणि आतल्या वेली मात्र करपल्या आहेत. त्यांनी प्रयोग करून १८८५ मध्ये प्रमाण प्रसिद्ध केलं. ही घटना घडली त्या सँ-ज्युलियँ गावाजवळून मेदोकच्या सगळ्या सहली जातात. बागायतदाराला तिथे उभं राहावंसं वाटणं अगदी साहजिक आहे.

पण बोर्दो बघायला जहाज लागत नाही. तिथली क्रूझ गारोन, दोर्दोन्य आणि जिरोंदच्या एका छोट्या परिसरात घुटमळते. बोर्दो, कादियाक, पोइयाक, ब्लाय, लिबूर्न अशी फिरून परत बोर्दोला येते. समुद्राची भरती बोर्दो शहराच्याही वरपर्यंत चढते, त्यामुळे जहाजाची वेळ पाण्याच्या हातात असते. पॅरिसहून बोर्दोला वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आसपास लागतात. शहरात हॉटेल घेऊन एक दिवस रेल्वेने सँ-तेमिलियों आणि एक दिवस गाडी करून मेदोक केलंत तर क्रूझमधलं बहुतेक सगळं पदरात पडतं, खर्चही कमी होतो. सँ-तेमिलियोंचं खडकात कोरलेलं बाराव्या शतकातलं चर्च वेरूळ पाहिलेल्या माणसाला विशेष आवडतं, हा माझा नेहमीचा अनुभव. तेव्हा बाबांचा बोर्दोचा आग्रहच असेल, तर रोनच्या सहलीआधी पॅरिसहून दोन रात्री तिथे जाऊन या.

रोनचं तसं नाही. बर्गंडी, बोजोले, ल्यों, उत्तर रोन, प्रोव्हान्स ही सगळी ठिकाणं उत्तर-दक्षिण एका ओळीत आहेत आणि नदीने ती दोऱ्यात मणी ओवावेत तशी ओवली आहेत. रोज सामान बांधून हॉटेल बदलण्यापेक्षा खोलीच तुमच्यासोबत पुढे सरकते. आईंचे गुडघे लक्षात घेतले तर हा फायदा मोठा आहे. शिवाय एका आठवड्यात माती, हवा, द्राक्षाची जात आणि जेवणसुद्धा बदलत जाताना दिसतं. लोणी-सायीच्या स्वयंपाकातून तुम्ही ऑलिव्ह तेलाच्या मुलखात कधी पोहोचता ते कळतही नाही.

दक्षिणेकडे जाणारी फेरी घ्या असं मी मुद्दाम म्हणते. आर्लहून वर येणारीही असते आणि तीच ठिकाणं दाखवते, पण थंड, बारीक चवीच्या वाईनपासून उष्ण, भरदार वाईनपर्यंत जिभेला सवय होत जाणं सोपं जातं. उलट क्रमात बर्गंडी फिकी वाटून जाते. ते बर्गंडीवर अन्यायकारक आहे.

बाबांना कुठे काय दाखवायचं हे जरा विस्ताराने लिहिते, कारण सहलीचा जीव तिथे आहे.

बोनला बहुतेक गाईड आधी ओतेल-द्यूला नेतात. १४४३ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकचे चान्सलर निकोला रोलँ आणि त्यांची पत्नी गिगोन यांनी गरिबांसाठी बांधलेलं हे रुग्णालय, रंगीत कौलांच्या नक्षीचं. श्रीमंतांनी पुण्यासाठी या रुग्णालयाला द्राक्षबागा दान दिल्या. त्या बागांच्या वाईनचा लिलाव १८५९ पासून होतो, आता नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, आणि पैसा आजही रुग्णालयाच्या कामी येतो. आईंना ही जागा नक्की आवडेल. वाईन न घेणाऱ्या माणसाला बर्गंडी समजावून सांगायची तर मी इथूनच सुरुवात करते. पण तेवढ्यावर बस परत फिरू देऊ नका. ज्या फेरीत बोनच्या उत्तरेला बागांच्या मधून, पायी किंवा गाडीने, तासभर तरी जायला मिळतं तीच निवडा.

तिथे बाबांना पहिलं खटकेल ते वेलींमधलं अंतर. निफाडला नऊ बाय पाच फुटांवर एकरी हजाराच्या आसपास वेली बसतात. बर्गंडीत हेक्टरी दहा हजार, म्हणजे एकरी चार हजार. वेल मांडीइतकी उंच, मांडव नाही, वेल पसरवायची वाय आकाराची तारांची पद्धत नाही, ठिबकच्या नळ्या नाहीत. उत्पन्नावर कायद्याची मर्यादा आहे. सर्वोच्च दर्जाच्या लाल वाईनच्या बागेत ती हेक्टरी ३५ ते ३७ हेक्टोलिटरच्या (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर) आसपास असते, म्हणजे द्राक्षांच्या हिशोबात एकरी साधारण दोन टन. जास्त काढलं तर तो दर्जा लावता येत नाही. आणि एकाच उतारावर वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्ट्याला वेगळा दर्जा, वेगळी किंमत. असे बाराशेहून जास्त नाव असलेले तुकडे आहेत, २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. क्लो द वूजो ही सितो मठाच्या साधूंनी दगडी कुंपण घालून लावलेली बाग सुमारे सव्वाशे एकरांची आहे आणि आज तिचे ऐंशीच्या घरात मालक आहेत. फ्रेंच क्रांतीनंतर मठांच्या जमिनी विकल्या गेल्या आणि वारसा हक्काच्या कायद्याने तुकडे पडत गेले. शेतजमिनीच्या वाटण्या म्हणजे काय हे निफाडच्या माणसाला सांगावं लागणार नाही.

ल्योंला जहाज बहुधा रोनच्या काठी, शहराच्या मध्याजवळ लागतं. एक पूर्ण दिवस आणि शक्य तर दोन रात्री इथे असतील असं बघा. फूर्व्हिएरच्या टेकडीवर चढायला केबल रेल्वे आहे, आईंना चढण पडणार नाही. ठरलेल्या फेरीत नसणारी एक जागा मी सुचवते: मोंप्लेझिर भागातलं ल्युमिएर बंधूंचं घर, आता तिथे संग्रहालय आहे. मेट्रोने जाता येतं. १८९५ मध्ये त्यांनी या घरासमोरच्या त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचं चलत्चित्र घेतलं आणि पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, त्यांच्या माणसाने मुंबईत वॉटसन हॉटेलात खेळ केला. आपल्याकडे सिनेमा आला तो या गल्लीतून, आणि मराठी माणसाने ल्योंला येऊन हे घर न बघता जावं याचं मला वाईट वाटतं.

ल्योंनंतरचा दिवस माझ्या मते या सहलीतला सर्वात मोलाचा. व्हिएन सोडलं की उजव्या काठावर आंप्वी गावावर कोत-रोतीचा डोंगर उभा राहतो. उतार इतका तीव्र की ट्रॅक्टर चालत नाही. कोरड्या दगडी बांधांच्या अरुंद पायऱ्या, प्रत्येक वेल खांबाला बांधलेली, आणि तोडणी, छाटणी, खुरपणी सगळं हाताने. पावसाने वाहून आलेली माती पूर्वी पाठीवरून परत वर नेत. इथे सिरा पिकते. नाशिकमध्ये शिराझ म्हणून लावतात तीच जात, आणि तिचं मूळ घर हेच. लगेच पुढे कोंद्रिय येतं, व्हियोनिए नावाच्या सुगंधी पांढऱ्या द्राक्षाचं गाव. १९६०च्या दशकात या बागा मोजक्याच हेक्टरांवर उरल्या होत्या. डोंगर कसणं परवडत नव्हतं, तरुण खाली कारखान्यांत गेले होते. हट्टाने टिकून राहिलेल्या काही घरांमुळे ही जात वाचली आणि आज जगभर लागते. हा टप्पा रात्री पार करणारं जहाज मी कधीच सुचवत नाही. बुकिंगआधी कंपनीला लेखी विचारा.

मग तँ. गावामागे एर्मिताजची टेकडी, माथ्यावर छोटं चॅपल, आणि सगळी बाग मिळून जेमतेम १३५ हेक्टर. नदीपलीकडे तुर्नों, मध्ये फक्त पायी चालायचा झुलता पूल. इथे धक्का गावातच आहे, उतरलात की चालत सगळं गाठता येतं. तुम्ही तिघं टेकडीवर गेलात तर आई काय करतील? तँ हे व्हालरोना चॉकलेटचं गाव आहे, १९२२ पासूनचं. तिथलं चॉकलेटचं दालन त्यांच्यासाठी उत्तम, आणि टेकडी बघून आलेल्यांनीही चुकवू नये.

खाली उतरत गेलं की नदीचं दुसरं रूप दिसतं आणि त्याचीही कल्पना असू द्या. रोन ही बांधलेली नदी आहे. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी मान्यतेच्या कंपनीने वीज, जलवाहतूक आणि सिंचन या तीन कामांसाठी तिच्यावर धरणांची साखळी बांधली. त्यामुळे काही टप्पे सरळसोट कालव्यांचे आहेत, उंच काँक्रीटच्या काठांमधले, आणि क्र्यूआस व त्रिकास्तँची अणुवीज केंद्रं अगदी काठावर आहेत. क्र्यूआसच्या एका शीतकरण मनोऱ्यावर पाण्याशी खेळणाऱ्या मुलाचं भलंमोठं चित्र रंगवलेलं आहे. काही प्रवासी या पट्ट्यात नाराज होतात. मला तो भाग आवडतो, कारण नदी इथे काम करताना दिसते. बोलेनचं लॉक तर आवर्जून बघा. सुमारे बावीस मीटर खोल हौदात जहाज शिरतं, मागचं दार बंद होतं आणि पाणी सोडून जहाज खाली उतरवतात. लॉकची रुंदी बारा मीटर, जहाजाची त्याहून किंचित कमी, दोन्ही बाजूंना वीतभर जागा. ती भिंत खिडकीसमोरून वर सरकत जाताना बघण्यासारखी असते. रात्री लॉक आलं तर हलका धक्का बसतो, घाबरायचं कारण नाही.

आव्हिन्योंहून शातोनफ-द्यू-पाप या वाईनच्या गावाची सहल असते. बागेतली जमीन दिसतच नाही, सगळे गोल गोटे. ग्रनाश ही द्राक्षाची जात मुख्य, पण नियमाने तेरा जाती चालतात आणि तोडणी हातानेच करावी लागते. १९२३ मध्ये इथल्या बागायतदारांनी बनावट मालाला कंटाळून स्वतःच स्वतःवर नियम घातले. पुढे १९३५ मध्ये वाईनवर गावाचं नाव कुणी लावायचं याचा देशभरासाठी कायदा झाला आणि १९३६ मध्ये ज्या पहिल्या गावांना तो दर्जा मिळाला त्यांत हे होतं. नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन मिळालेलं असल्याने बाबांना या विषयात रस वाटेल. तिथल्या उत्पादकाला याबद्दल खुशाल प्रश्न विचारू द्या, ही माणसं शेतकऱ्याशी फार मोकळेपणाने बोलतात. गाईडला आधी सांगून ठेवा की पाहुणा स्वतः द्राक्ष पिकवतो. मग तळघरात नेहमीचं पाठ केलेलं भाषण होत नाही, गप्पा होतात.

समोरच्या काठावरचं रोकमोर आणि त्यामागचं प्यूजो हा परिसर फिलॉक्सेराचा. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेली ही मुळं पोखरणारी कीड फ्रान्समध्ये इथे प्रथम दिसली, आणि १८६८ मध्ये मोंपेलिएचे प्लांशों यांनी ती ओळखली. देशातल्या बहुतेक बागा मेल्या. उपाय निघाला तो अमेरिकन खुंटावर फ्रेंच डोळा बांधायचा. तुमच्या बागेत डॉगरिज खुंटावर थॉम्सन किंवा दुसरी जात कलम केलेली असेल, तर पद्धत तीच, फक्त कारण वेगळं: आपल्याकडे पाण्याचा ताण आणि क्षार. जहाजावरचे कार्यक्रम या जागेला नेत नाहीत. आव्हिन्योंहून टॅक्सीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता.

आता महिना. फ्रान्समध्ये तोडणी वर्षातून एकदा, वेल हिवाळाभर झोपलेली. आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असं दोनदा नाही. बाबांना ऑक्टोबर छाटणीआधी घरी परतायचं असणार, म्हणून सप्टेंबरचा मध्य धरला. तेव्हा बर्गंडीत तोडणी संपत आलेली किंवा संपलेली, दक्षिणेत जोरात असते. बोनमध्ये तोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून मिळते. पूर्वी सरासरी तोडणी सप्टेंबरच्या शेवटी पडायची, १९८८ नंतर ती सुमारे तेरा दिवस अलीकडे आली आहे. उष्ण वर्षी ऑगस्टमध्येच सुरुवात होते. त्यामुळे घड वेलीवर दिसतीलच असं कुणी वचन दिलं तर विश्वास ठेवू नका. तोडणी संपलेली असली तरी तळघरात रस आंबत असतो, तो वास आणि ती लगबग वर्षात एकदाच असते. मात्र छोटे उत्पादक या दिवसांत पाहुणे घेत नाहीत. खास कुणाकडे जायचं असेल तर उन्हाळ्याआधीच वेळ मागून घ्या.

मे-जून हा दुसरा चांगला काळ. लॅव्हेंडर बघायचं असेल तर जूनचा मध्य ते जुलैचा मध्य, पण तेव्हा दक्षिणेत ऊन पस्तिशीच्या पुढे जातं आणि जुलैत आव्हिन्योंला नाट्यमहोत्सवाची तुडुंब गर्दी असते. आईंना घेऊन मी जुलै-ऑगस्ट टाळेन. मार्च-एप्रिलला जहाजं सुरू होतात, दर कमी असतात, पण सोनला पूर येण्याचे ते दिवस. ऱ्हाइन, डॅन्यूबवर पाणी कमी पडल्याने सहली अडतात. इथे धरणांमुळे तो त्रास कमी, इथली अडचण जास्त पाण्याची. पाणी चढलं की जहाज पुलाखालून जात नाही आणि मग तुमची क्रूझ बसची सहल होते. ऑक्टोबरअखेरीस दक्षिणेत मुसळधार पाऊस होतो. जहाज अडलं तर काय भरपाई, हे बुकिंगच्या अटींत वाचा. बहुतेक कंपन्या मार्ग बदलण्याचा हक्क राखून ठेवतात. आणि मिस्त्रल नावाचा उत्तरेचा वारा कधीही सुटतो, म्हणून सप्टेंबरातही वारा अडवणारं जाकीट हवंच.

केबिनबद्दल थोडक्यात. सगळ्यात खालच्या डेकच्या खिडक्या पाण्यालगत आणि न उघडणाऱ्या असतात, आणि बऱ्याच जहाजांत लिफ्ट तिथे जात नाही. वरच्या उघड्या डेकवरही जात नाही. आई-बाबांना मधला डेक, लिफ्टजवळची आणि मागच्या इंजिनापासून दूरची खोली घ्या. पूर्ण उघडणारी काच आणि समोर कठडा असला की पुरे, बाहेर बसायच्या बाल्कनीला जास्त पैसे देऊ नका, दिवसाचा बहुतेक वेळ तुम्ही किनाऱ्यावर किंवा वर डेकवर असाल. धक्क्यावर जागा नसली की दोन-तीन जहाजं एकमेकांना लागून उभी राहतात, दुसऱ्या जहाजातून पायऱ्या चढून-उतरून किनाऱ्यावर जावं लागतं आणि खिडकीतून समोरची खिडकी दिसते. याला इलाज नाही. गावांत गोट्यांचे रस्ते असतात, वाटेतलं व्हिव्हिए गाव तर चढणीवर वसलंय. आईंसाठी काठी आणि जाड तळाचे बूट घ्या, आणि जहाजावर सावकाश चालणाऱ्यांचा वेगळा गट असतो का ते विचारा. चांगल्या जहाजांवर असतो.

जेवणाचं मात्र मनावर घ्या. ‘व्हेजिटेरियन’ एवढं कळवून भागत नाही, इथे त्यात अंडं आणि कधीकधी मासाही धरतात. मांस, मासे, अंडं, त्यांचा रस्सा आणि जिलेटिन चालत नाही, दूध-दही-लोणी चालतं, असं वाक्य इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये लिहून बुकिंगच्या वेळी आणि निघण्याआधी महिनाभर असं दोनदा पाठवा. पहिल्याच संध्याकाळी मुख्य आचाऱ्याला भेटा. शे-दीडशे माणसांचं जहाज असतं, ओळख ठेवतात. बाहेर खाताना जपायच्या गोष्टी: ऑलिव्हच्या ताप्नाद चटणीमध्ये सहसा अँचोव्ही मासा असतो, ल्योंचं केनेल बहुतेकदा माशाचं, मोंतेलिमारच्या नुगामध्ये अंड्याचा पांढरा भाग. बहुतेक पारंपरिक चीज वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने विरजलेलं असतं. आईंना ते चालत नसेल तर जहाजालाही सांगा. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे भाज्यांची रातातुई, बटाट्याचं ग्रातँ, ताजा पाव, पीच-अंजीर, आणि बाजारातले टोमॅटो. आर्लला शनिवारी सकाळी जहाज असेल तर तिथला बाजार सोडू नका. तुमच्यापैकी कुणी वाईनबाबतही काटेकोर शाकाहारी असेल तर हेही कळलेलं बरं की वाईन निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात. २०१२ पासून अंडं आणि दुधाचा अंश राहिला तर लेबलवर लिहावं लागतं, माशाचं लिहावं लागत नाही. उत्पादकाला थेट विचारा, सांगतात.

चाखताना घोटभर घेऊन ठेवलेल्या भांड्यात थुंकणं हा अपमान नाही, तेच रीतसर आहे. एका सकाळी सहा-सात वाईन चाखून दुपारी चालायचं असेल तर बाबांनी आणि तुम्ही ते करावंच. त्या दिवशी अत्तर लावू नका. आत शिरताना ‘बाँजूर’ म्हणा, आणि किमतीत घासाघीस करू नका. आईंनी फक्त सोबत यावं, कुणी आग्रह करत नाही. काही ठिकाणी त्याच द्राक्षांचा रस मिळतो, आधी विचारून ठेवायला हवं.

खर्च माणशी आठवड्याला साधारण दोन हजार युरोपासून साडेचार-पाच हजारांपर्यंत जातो, विमान वेगळं. स्वस्त वाटणाऱ्या दरात बोन, शातोनफची फेरी धरलेली नसेल तर ती प्रत्येकी जोडा, मग तुलना करा. अमेरिकी प्रवाशांसाठीच्या जहाजांवर शेवटी बक्षिसीही अपेक्षित असते. सेनवरची किंवा लोआरची क्रूझ वाईनची म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर थांबा. पॅरिसहून नॉर्मंडीला जाणाऱ्या सेनच्या काठी सफरचंदं आहेत, द्राक्षं नाहीत. लोआर वाळूने भरलेली उथळ नदी असल्याने मोठी जहाजं तिच्यात फार आत जात नाहीत. बर्गंडीच्या कालव्यांवरच्या छोट्या, दहा-बारा जणांच्या बोटी सुंदर असतात, पण त्यांचे दर वेगळ्याच पातळीचे.

शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. क्रूझचं पुष्टिपत्र, आधी-नंतरच्या हॉटेलांची बुकिंग आणि किमान तीस हजार युरोचा प्रवासविमा लागतो. तुम्ही सगळे दिवस फ्रान्समध्येच असल्याने अर्ज फ्रान्सकडेच करायचा. पॅरिसला उतरून ल्योंला रेल्वेने दोन तास लागतात, परतताना आव्हिन्योंहूनही वेगवान रेल्वे आहे. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी ल्योंला मुक्काम ठेवा, विमान लांबलं तर जहाज थांबत नाही.

बाटल्या आणायच्या असतील तर प्रौढ माणसाला दोन लिटरपर्यंत भारतात शुल्क लागत नाही, म्हणजे माणशी नेहमीच्या दोन बाटल्या. आई घेत नसल्या तरी त्यांचा वाटा त्यांच्या बॅगेत येऊ शकतो. बोनची एखादी गावपातळीची पिनो न्वार (बर्गंडीची लाल वाईन), तँची क्रोझ-एर्मिताज आणि कोंद्रिय घ्या. कोंद्रिय फार वर्षं ठेवायची नसते, ती दोन-तीन वर्षांत उघडा. शातोनफची बाटली मात्र नीट थंड जागा असेल तरच ठेवायला घ्या, निफाडच्या उन्हाळ्यात कपाटात ती टिकणार नाही.